काळबांडे काकांची हरकत

काळबांडे काकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. यवतमाळ आणि दिग्रस सोडून ते फारसे कुठं गेलेच नव्हते. एकदा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले होते आणि एकदा मेहुण्याच्या तेरवीला अमरावतीला. तरीही कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर विमानतळापासून मासळीबाजारापर्यंत पायी कसं जायचं, मधे किती चर्च लागतात, कोणत्या नाल्यावर पूल आहे आणि कोणत्या नाल्यावर नाही, हे सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसावं. असण्याचं काही कारणही नव्हतं म्हणा.

बेटाचं नाव मी इथे लिहीत नाही. प्रकरण चालू असताना नावं घेऊ नयेत अशी काकांची ताकीद होती. प्रकरण केव्हाच निकाली निघालं, काकांना जाऊनही आता वर्ष होईल, पण ताकीद ती ताकीद. आम्ही सगळे त्याला नुसतं 'बेट' म्हणायचो.

मी दिग्रसला एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते. काका-काकू आमच्या मागच्या घरात राहायचे, मधे एक कडुलिंब आणि कमरेइतकी भिंत. मी मुळात भोचक. शेजारच्या घरात काय शिजतंय आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय हे कळल्याशिवाय मला घास उतरत नाही. काका निवृत्त होऊन यवतमाळहून इथं राहायला आले तेव्हा आठवड्याच्या आत मी त्यांची सगळी माहिती काढली होती. गुणवंतराव काळबांडे. एका सरकारी कचेरीत अनुरेखक. म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरून त्याची रेघ न रेघ शाईनं उतरवून घेणारा माणूस. गावांचे विकास आराखडे त्यांच्या हातून निघायचे. आराखडा साहेबांचा, सही साहेबांची, रेघ मात्र काळबांड्यांची. जन्मभर हात कागदावर टेकून त्यांच्या उजव्या करंगळीच्या बाहेरच्या कडेला एक घट्टा पडला होता. बोलताना ते अंगठ्यानं तो घट्टा कुरवाळत बसायचे.

सगळं जग ते वरून पाहायचे. त्यांच्या तोंडी डावं-उजवं नसायचंच. काकूंना स्वयंपाकघरात सांगायचे, मिठाची बरणी हळदीच्या पूर्वेला ठेव. काकू कुठंही ठेवायच्या. कुणी सांगितलं की अमक्याकडे फार मोठं लग्न झालं, तर काका शांतपणे विचारायचे, "स्केल काय?" धड कामधंदा न करणाऱ्या, आज हे तर उद्या ते म्हणणाऱ्या माणसाबद्दल त्यांचा एकच शेरा असायचा, "ह्या माणसाले उत्तर दिशा नाही." आमच्या मुख्याध्यापकांबद्दल त्यांनी तो मारला तेव्हा मी आठवडाभर हसत होते.

लग्नपत्रिकेच्या मागे मंगल कार्यालयाचा छोटासा नकाशा छापतात ना, तो तर त्यांच्या दृष्टीनं शुद्ध अपराध. आमच्या आळीतल्या एका लग्नाच्या पत्रिकेवर कार्यालय रस्त्याच्या भलत्याच बाजूला दाखवलं होतं. काकांनी मुलीच्या वडिलांना दोनदा बजावलं. त्यांना अक्षता, आचारी, मानपान यांतून सवड नव्हती. लग्नाच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून त्या चौकात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हातानं वाट दाखवत राहिले. मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या. हे जेवायला आले तेव्हा बुंदी संपली होती. वर मला म्हणतात कसे, निदान पाहुणे तरी पोचले.

तर बेट.

निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, मॉर्निंग वॉकला जातात. काकांना करमेना ते वेगळ्याच गोष्टीशिवाय. आपल्याकडे कोणताही आराखडा पक्का करण्याआधी सरकार तो लोकांपुढे मांडतं आणि मुदत देऊन हरकती-सूचना मागवतं. लोक येतात, भांडतात, अर्ज देतात, मग सुनावणी होते. मुदतीचे ते तीस दिवस काकांच्या नोकरीतले सणाचे दिवस. नकाशा भिंतीवर लावलेला असायचा आणि लोक त्यावर बोट ठेवून आपापलं घर शोधायचे. पुण्याच्या मुलीनं त्यांना मोबाईल घेऊन दिला तेव्हा त्यावर त्यांनी काय शोधावं? जगात कुठं असा आराखडा आहे का, ज्यावर हरकत घ्यायची मुदत अजून संपलेली नाही.

ही गोष्ट त्यांनी मला भिंतीवरून अगदी सहज सांगितली. आपल्या जिल्ह्यात तेव्हा काही चालू नव्हतं, पुढं पाहता पाहता ते समुद्रापार गेले. बऱ्याच ठिकाणची मुदत उलटून गेली होती. एका बेटाची मात्र शिल्लक होती. तिथल्या सरकारनं पर्यटनाच्या विकासाचा आराखडा मांडला होता आणि कुणालाही मत कळवायचं आवाहन केलं होतं.

"कुनालेबी लिहिलं हाय, मॅडम," काका म्हणाले. "म्हंजे त्यात आपन आलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आराखडा बाजारातून छापून आणला. चांगला विटेएवढा जाड गठ्ठा. त्यांचं इंग्रजी कचेरीपुरतं, म्हणून रोज शाळा सुटल्यावर मी भिंतीच्या या बाजूला आणि ते त्या बाजूला, असं आमचं वाचन सुरू झालं. आधी मी शेजारधर्म म्हणून वाचत होते, पण आठवडाभरात मलाच गोडी लागली. बेटावर मोठी जहाजं लागावीत म्हणून नवा धक्का बांधायचा होता. तीन नवी हॉटेलं, किनाऱ्यानं फिरायला लाकडी रस्ता, एक गोल्फचं मैदान. गोल्फ म्हणजे काय हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी नकाशावर पट्टी लावून हिशेब केला आणि आमच्या मागच्या साऱ्या शिवारातली कपाशी आणि तूर त्या एका मैदानात मावेल असं जाहीर केलं. मग विचारलं, एवढ्या गवताला पाणी कुठून आणणार? बेटावर नदी नव्हती. लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवून पितात, असं आराखड्यातच मागच्या पानावर लिहिलं होतं. काकांनी दोन्ही पानांचे कोपरे दुमडले आणि वहीत पहिली हरकत लिहिली: पाणी.

काकूंना हे सगळं भारी विनोदी वाटायचं. त्या मला म्हणायच्या, "घरची मोरी चार दिवसापासून तुंबली हाय, अन् हे बेटाचं पानी मोजून राह्यले." मोरी शेवटी त्यांनीच माणूस बोलावून काढून घेतली. पण काका वाचत बसले की चहाचा कप गुपचूप भिंतीवर आणून ठेवायच्या, एक त्यांचा, एक माझा.

मी काकांच्या सूचना इंग्रजीत करून ईमेलनं धाडल्या. दोन दिवसांत पोचल्याचं उत्तर आलं. काकांचं समाधान होईना. मोबाईलवरची पोच ही काय पोच? तिला आवक नंबर नाही, शिक्का नाही. त्यांनी सगळा अर्ज मराठीत पुन्हा हातानं लिहिला, त्याला माझं इंग्रजी जोडलं, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं आणि पोस्टात गेले. मी म्हटलं, काका, आपलं तिकीट तिथं कसं चालेल? ते म्हणाले, चालत नसंल तर ते कळवतील, पण बिनतिकिटाचा अर्ज मी उभ्या जन्मात कुठं दिला नाही. पोस्टातल्या बाईंनी पत्ता तीनदा वाचला. पुढं दीड-दोन महिन्यांनी बेटाहून पत्र आलं. तिकीट फार सुंदर आहे, त्याबद्दल आभार, आम्ही ते कचेरीत सूचनाफलकावर लावलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. काका गंभीरपणे म्हणाले, तिकीट अर्जावरून काढायला नको होतं.

इथवर ही सगळी गंमतच होती. एका सकाळी, दूधवाला येऊन गेला असेल नसेल, काका भिंतीपाशी नाही तर थेट आमच्या दारात उभे. हातात पारदर्शक कागदाची दोन भेंडोळी. चेहरा उतरलेला. मला वाटलं काकूंना काही झालं.

त्यांनी न विचारता दोन्ही कागद आमच्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. आराखड्यात बेटाचे दोन नकाशे होते, आज काय आहे त्याचा एक आणि पुढं काय होणार त्याचा एक. दोन्ही त्यांनी उतरवून घेतले होते. वाचलेल्यावर त्यांचा विश्वास नसायचा, हातानं उतरवलेल्यावर असायचा. खालच्या कागदावर कोळ्यांच्या एका वस्तीपासून लहानशा खाडीपर्यंत ठिपक्यांची बारीक रेघ होती. पायवाट. वरच्या कागदावर ती रेघ अर्ध्यावर येऊन एका चौकटीखाली शिरत होती आणि पलीकडून निघतच नव्हती. ती चौकट म्हणजे नकाशाची सूची. हिरवा रंग म्हणजे बाग, निळा म्हणजे पाणी, असं सांगणारी. वर कोपऱ्यात नारळाचं झाड काढलेलं, अक्षरं मोठी देखणी. चौकटीच्या दोन्ही अंगांना हॉटेलाचं कुंपण येऊन भिडलं होतं.

मला लगेच चेव आला. मी म्हटलं, हे हॉटेलवाल्यांचं काम आहे, मुद्दाम लपवलंय, आपण हे पेपरात द्यायला हवं. काकांनी हातानंच मला थांबवलं. ते खुर्चीवर बसले आणि घट्टा कुरवाळत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते काकूंनाही ठाऊक नव्हतं.

नोकरीत नवे असताना त्यांच्याकडे तालुक्याच्या एका गावाचा आराखडा आला. कामात त्यांचा हात बसला होता आणि अक्षराची कीर्ती व्हायला लागली होती. त्या नकाशावर सूचीची चौकट जिथं शोभून दिसली असती, नेमकी तिथून ठिपक्यांची एक रेघ जात होती. गावाबाहेरच्या वस्तीतून बाजाराकडे आणि दवाखान्याकडे येणारी पायवाट. चौकट दुसरीकडे सरकवली असती तर नकाशा एका अंगाला जड झाला असता. काकांनी ब्लेडनं ती रेघ खरवडली, नखानं कागद घोटून गुळगुळीत केला आणि वर चौकट काढली. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाकडून चहासुद्धा घेतला नव्हता. साहेबांनी तो नकाशा फ्रेम करून केबिनमध्ये लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिले.

हरकतींच्या मुदतीत वस्तीतलं कुणी आलं नाही. जे काढलेलंच नाही ते नकाशात शोधायला कोण येणार? बऱ्याच वर्षांनी काका एका लग्नाला त्या गावी गेले. वाटेच्या जागी एका संस्थेची भिंत उभी होती आणि वस्तीतल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन हमरस्त्याच्या कडेनं, ट्रकांच्या वाऱ्यात चालल्या होत्या. एका म्हातारीला त्यांनी विचारलं, मधून का जात नाही? ती म्हणाली, "नकाशात वाट नाही म्हनले, बापा." तिनं त्यांनाच बापा म्हटलं, हे काकांनी मला दोनदा सांगितलं.

"तुम्ही म्हनता मुद्दाम केलं," ते थोड्या वेळानं म्हणाले. "मुद्दाम केलेलं कधी ना कधी सापडते, मॅडम. सुंदर दिसावं म्हनून केलेलं सापडत नाही. हे बेटावर माह्यासारख्याच कोन्या मानसानं केलं हाय. मले एक डाव ते रेघ परत आलेली पाहाची हाय."

त्या दिवसापासून मलाही ती रेघ हवी झाली. पाण्याची हरकत, गोल्फचं मैदान, सगळं मागं पडलं. मी त्यांच्या दोन्ही कागदांचे फोटो काढून मुदतीत दिलेल्या अर्जाची पुरवणी म्हणून पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं की चौकट उचलून खाली काय आहे ते पाहावं. पुढं बेटाच्या सरकारनं कळवलं की सभागृहात जाहीर सुनावणी होणार आहे आणि दूरच्यांना व्हिडिओवरून बोलता येईल. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात.

सुनावणी आमच्या घरी झाली. लाईन गेली तर पंचाईत नको म्हणून मी लॅपटॉप दुपारपासून चार्जिंगला लावून ठेवला होता. काका न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकूही पदर सावरून मागं बसल्या, ज्या बेटाचं पाणी आपला नवरा मोजतो ते एकदा पाहू तरी म्हणून. पडद्यावर लांबलचक सभागृह, भिंतीवर तोच नकाशा, खुर्च्यांवर शंभरेक माणसं आणि समोर टेबलापाशी अध्यक्षबाई. त्यांनी काकांचं नाव पुकारलं तसे काका ताडकन उभे राहिले. सुनावणीत बसून बोलायचं नसतं. त्यामुळे कॅरिबियन जनतेला त्यांच्या शर्टाची खालची तीन बटणं तेवढी दिसली. मी खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं.

ते बोलायचे, मी इंग्रजी करायची. त्यांनी वस्ती दाखवली, खाडी दाखवली, वाट कुठं शिरते ते दाखवलं. अध्यक्षबाई फार गोड होत्या. त्या म्हणाल्या की ती केवळ सूचीची चौकट आहे, वाट बंद करण्याचा कुणाचा विचारही नाही, इतक्या लांबून कुणी इतकं बारकाईनं पाहिलं याचं आम्हाला कौतुक वाटतं. मी ते मराठीत सांगितलं. मला वाटलं काका खूष होतील. ते नाही म्हणून मान हलवत राहिले.

"त्यायले सांगा," ते म्हणाले, "आज विचार नाही, हे मले मान्य. तुम्ही सारे भले लोक हा. पन तुम्ही बदलून जासान, मी रिटायर झालो तसे तुम्हीबी होसान. मंग मांगं नकाशाच राह्यते. त्याले इचारलं तर तो म्हनन, वाट नाही."

मी ते जमेल तसं इंग्रजीत केलं. मग मागच्या रांगेतून एक उंच, वाकलेले म्हातारे उठले, काठी टेकत माइकपाशी न जाता थेट भिंतीवरच्या नकाशापाशी गेले आणि त्या चौकटीवर पंजा ठेवून उभे राहिले. ते कोळी होते. म्हणाले, मी रोज पहाटे या वाटेनं होडीकडे जातो. हा नकाशा तीन आठवडे इथं लागलेला आहे, मी रोज पाहतो, आणि माझी वाट यात नाही हे मला दिसलं नाही. एवढं बोलून ते पंजा न काढता तिथंच उभे राहिले. काकांनी पडद्याला हात जोडले. मी काही भाषांतर केलं नव्हतं, तरी त्यांना कळलं होतं.

पक्का आराखडा यायला पुढं पाच-सहा महिने लागले. सगळ्या हरकतींचा तक्ता होता. पाण्याच्या हरकतीपुढं 'नोंद घेतली' असा सरकारी शेरा होता. त्याचा अर्थ काकांना मी सांगायची गरज नव्हती, तो शेरा त्यांनी जन्मभर उतरवला होता. पायवाटेपुढं मात्र 'मान्य' होतं. काकांनी पडद्यावर नकाशा पाहायला नकार दिला. यवतमाळला जाऊन मोठ्या कागदावर छापून आणला, आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. चौकट उचलून समुद्रात नेली होती. एवढा समुद्र रिकामा पडला होता की. आणि ठिपक्यांची रेघ वस्तीतून निघून, हॉटेलाच्या दोन कुंपणांमधून, सरळ खाडीला पोचली होती. काकांनी तिच्यावरून बोट फिरवलं, एकदा वस्तीकडून खाडीकडे आणि एकदा खाडीकडून वस्तीकडे. काकूंनी शिरा केला. मला इतका आनंद झाला की मी वर्गात मुलांना गोष्ट सांगितली, बेटाचं नाव न घेता.

काका मात्र त्यानंतर भिंतीपाशी येईनात. दहा-बारा दिवसांनी आले ते विचारायला, "मॅडम, रविवारी मोकळ्या हा का?"

आम्ही एसटीनं त्या गावी गेलो. संस्थेची भिंत आता जुनी झाली होती, तिच्यावर जाहिराती रंगवल्या होत्या. काका भिंतीच्या कडेकडेनं वस्तीपर्यंत पावलं मोजत गेले, मग हमरस्त्यानं बाजारापर्यंत मोजत आले. आकडा त्यांनी वहीत टिपून घेतला. रस्त्यानं तीन बाया येत होत्या, एकीच्या कडेवर मूल, दुसऱ्या हातात किराण्याची पिशवी. ट्रक गेला की तिघी रस्ता सोडून शेताच्या धुऱ्यावर उतरायच्या आणि पुन्हा वर यायच्या. काकांनी त्यांना थांबवून विचारलं, इथून मधून एक वाट होती ना, या भिंतीच्या जागी?

मूल घेतलेली हसली. "इथून कोन्ती वाट जी, आबा? आमी तं पयल्यापासून रोडानंच जातो."

परतीच्या बसमध्ये मला त्यांचा राग आला. खोटं कशाला सांगू? मी सरळ विचारलं, इतकी वर्षं गप्प का बसलात? त्यांनी सबब सांगितली नाही. म्हणाले, "आधी नोकरी होती. मंग पेन्शन होतं." नेरचा की कुठलासा एक माणूस मधे येऊन बसला आणि कापसाच्या भावाचं बोलायला लागला, तेव्हा काका खिडकीबाहेर पाहत राहिले. उतरताना फक्त म्हणाले की आता तर ते आठवणारंही कुणी राहिलं नाही, आपल्याशिवाय. माझा राग तोवर गेला होता. त्या हडकुळ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आपल्याकडे शेजारच्या काकांच्या खांद्यावर कुणी हात ठेवत नाही.

त्यानंतर त्यांची तब्येत उतरत गेली. हात कापायला लागला, पेन धरवेना. मुलगी येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेली आणि तिथंच ते गेले. मी मनात जे धरून ठेवलं आहे ते त्याच्या आधीचं, त्या रविवारनंतर महिन्याभरातलं.

शाळेच्या कामानं मी यवतमाळला गेले होते. एका सरकारी इमारतीच्या व्हरांड्यातून जाताना आवक-जावकच्या खिडकीपाशी पाठमोरे काका दिसले. रांगेत त्यांच्यापुढं दोघे होते. बगलेत भेंडोळं आणि हातात अर्ज, त्यावर तिकीट. हाक मारणार होते, पण मी पडले भोचक. दोन पावलं मागं उभी राहून खांद्यावरून वाचू लागले. अर्ज त्या गावाच्या जुन्या आराखड्यावर होता. हरकत: पायवाट नकाशात दाखविण्यात यावी. सोबत रेघेसह नकाशा जोडला आहे.

खिडकीतली मुलगी पंचविशीची असेल. तिनं अर्ज चाळला आणि आदरानंच सांगितलं की काका, याची मुदत माझ्या जन्माच्या आधीच संपली आहे. काका म्हणाले, "माहीत हाय, बेटा. तुम्ही फक्त आवक नंबर द्या." तिनं मागच्या साहेबांकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा अर्जाकडे वळली आणि एकही रकाना कोरा नाही ना ते बोटानं तपासत खाली आली. शेवटचा रकाना होता, अर्जदाराचा सदर जागेशी संबंध. तिथं लोक मालक लिहितात, भाडेकरू लिहितात, शेजारी लिहितात. काकांनी लिहिलं होतं, 'वाट मी खोडली.'

मुलीचं बोट तिथं थांबलं. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि शिक्का उचलला.